ऐकीव विश्वास आणि अनुभवाचा विश्वास

शास्त्रभाग : योहान ४:५–४२.
जोडीचें वाचन : १ शमुवेल ३:१–१०, ईयोब ४२:१–६, प्रेषितांचीं कृत्यें १९:११–२०.
धड्याचा उद्देश : देवाविषयींची माहिती आणि देवाची ओळख यांतील भेद समजून घेणें, व ती ओळख आपली स्वतःची कशी होते हें शिकणें.



चिपळुणाहून कुंभार्ली घाटाकडे जातांना सह्याद्रीच्या पायथ्याशीं आमचें अलोरे गांव लागतें. कोयना नदी स्वभावतः पूर्वेकडे वाहून कृष्णेला मिळणारी. परंतु तिचें पुष्कळसें पाणी डोंगराच्या पोटांतून बोगद्यानें पश्चिमेकडे आणून पोफळी येथें सोडलें आहे, आणि सन १९६२ पासून त्या पाण्याच्या जोरावर वीज निर्माण होत आहे. तेंच पाणी पुढें आमच्या शेजारच्या कोळकेवाडीच्या धरणांत अडवून पुन्हां कामास लावतात, आणि शेवटीं तें वाशिष्ठी नदीवाटे समुद्रास मिळतें. गांवांतील वडील माणसें सांगतात कीं, आरंभींच्या काळांत डोंगरावरील कित्येक वाड्यांवरून विजेच्या जाड तारा दूर देशीं जात, आणि खालीं घरांत मात्र घासलेटची चिमणी मिणमिणत असे. वीज आहे याविषयीं त्या घरांतील कोणालाही संशय नव्हता. ती कोठें निर्माण होते हेंही त्यांस ठाऊक होतें. परंतु घरांत तार आली नव्हती, म्हणून अंधार तसाच होता.

आपल्या मंडळ्यांतील कित्येक जणांची स्थिति अशीच आहे असें आम्हांस वाटतें. देव आहे हें ते मानतात. ख्रिस्त आपल्या पापांकरितां मरण पावला हें त्यांस पाठ आहे. त्यांच्या आजोबांनीं बाप्तिस्मा घेतला, बापानें मंडळीची सेवा केली, आणि ते स्वतः रविवारीं उपासनेस येतात. असें असूनही, "प्रभूनें तुझ्यासाठीं काय केलें?" असें कोणी विचारलें तर ते आजोबांची गोष्ट सांगतात, आपली स्वतःची गोष्ट त्यांच्यापाशीं नसते. आजचा धडा अशा सर्वांसाठीं आहे, आणि त्यांत उपदेशक व पाळकही आले.

१. विहिरीवरील स्त्री आणि तिचे गांवकरी

भर दुपारीं याकोबाच्या विहिरीवर पाण्यास आलेली शोमरोनी स्त्री अगदींच अजाण नव्हती. तिचें बोलणें लक्ष देऊन वाचा. विहीर कोणी दिली हें ती जाणते. आपले पूर्वज कोणत्या डोंगरावर भजन करीत आणि यहूदी लोक कोठें करितात हेंही तिला ठाऊक आहे. मशीहा येणार आहे अशी तिची समजूत आहे. इतकें धर्मज्ञान तिच्यापाशीं होतें, तरी तिची तहान भागली नव्हती, आणि तिच्या संसाराची विस्कटलेली घडीही बसली नव्हती.

प्रभूनें तिच्याशीं वादविवाद वाढविला नाहीं. त्यानें हळूच तिच्या आयुष्यांतील दुखऱ्या जागेवर बोट ठेविलें (वचनें १६–१८). तेथेंच माहिती संपली आणि भेट सुरूं झाली. जो आपल्याला आंतबाहेर ओळखतो आणि तरीही आपल्याशीं बोलतो, तोच तो आहे, असें तिला दिसूं लागलें. मग ज्या घागरीसाठीं ती उन्हांत आली होती ती घागर तेथेंच टाकून ती गांवांत धांवली.

आतां गांवकऱ्यांकडे पाहा. त्यांच्या विश्वासाच्या तीन पायऱ्या योहानानें मोठ्या काळजीनें लिहून ठेविल्या आहेत. प्रथम त्यांनीं त्या स्त्रीच्या सांगण्यावरून विश्वास ठेविला (३९). मग त्यांनीं प्रभूला आपल्या येथें राहण्याची विनंति केली, आणि तो दोन दिवस राहिला (४०). शेवटीं त्यांनीं त्या स्त्रीला सांगितलें कीं, आतां आमचा विश्वास केवळ तुझ्या बोलण्यावर टेकलेला नाहीं; आम्हीं स्वतः त्याचें ऐकलें आहे (४२).

या ठिकाणीं दोन गोष्टी ध्यानांत धरा. पहिली ही कीं, ऐकीव विश्वास खोटा नव्हे, तो अपुरा आहे. त्या स्त्रीनें साक्ष दिली नसती तर गांवकरी विहिरीकडे गेलेच नसते. दुसऱ्याची साक्ष हा घराचा उंबरठा आहे. उंबरठ्यावर जन्मभर कोणी बसून राहत नाहीं. दुसरी गोष्ट ही कीं, पहिल्या आणि तिसऱ्या पायरीच्या मध्यें एक विनंति आहे. त्यांनीं प्रभूला ठेवून घेतलें. पुष्कळ लोक प्रभूविषयीं ऐकतात, परंतु त्याला आपल्या घरीं दोन दिवसही ठेवून घेत नाहींत.

शास्त्रांत याचीं आणखी उदाहरणें आहेत. बाळ शमुवेल मंदिरांत निजत असे व देवाच्या सेवेंत वाढत होता. तरी त्याला अद्याप परमेश्वराची ओळख झाली नव्हती असें शास्त्र स्पष्ट सांगतें (१ शमुवेल ३:७). ईयोबानें देवाविषयीं पुष्कळ ऐकलें होतें; दुःखाच्या भट्टींतून निघाल्यावर त्याचें ऐकणें हें पाहणें झालें. याच्या उलट स्केवाच्या सात मुलांची गोष्ट वाचा. पौल ज्याची घोषणा करितो त्या येशूचें नांव त्यांनीं उसनें घेतलें, आणि त्यांना जखमी होऊन उघडेंनागडें पळावें लागलें. उसन्या नांवावर सैतानाशीं झुंजतां येत नाहीं.

२. पंडिता रमाबाईंचीं आठ वर्षें

महाराष्ट्रांत या धड्याचें सर्वांत बोलकें उदाहरण पंडिता रमाबाईंचें आहे. त्यांचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरीं लहानपणींच त्या संस्कृत शिकल्या, आणि पुढें कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. १८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या. तेथें लंडनच्या एका भागांत ख्रिस्ती भगिनी पतित स्त्रियांना जवळ करून मायेनें सांभाळीत असत. हें कसें घडतें असें रमाबाईंनीं विचारिलें, तेव्हां एका भगिनीनें त्यांना योहानाचा चवथा अध्याय उघडून दाखविला. आपण आज वाचतों तोच हा भाग. त्याच वर्षीं २९ सप्टेंबर रोजीं वाँटेज येथें रमाबाईंनीं आपल्या लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

कोणीही म्हणेल कीं, येथें गोष्ट पुरी झाली. परंतु १९०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीपत्रांत रमाबाई स्वतः सांगतात कीं, बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षें त्यांचें मन उपाशीच होतें. ख्रिस्ती धर्म त्यांना पटला होता, त्याचीं तत्त्वें त्यांनीं अंगीकारिलीं होतीं, त्याच्या निरनिराळ्या पंथांचीं मतें त्यांनीं अभ्यासिलीं होतीं. १८८९ सालीं त्यांनीं मुंबईस शारदासदन काढून विधवांच्या सेवेस आरंभही केला होता. परंतु धर्म सांपडला आणि धर्माचा प्रभु सांपडला नाहीं, असें त्यांना पुढें कळून आलें. इंग्लंडांतील हॅस्लम नांवाच्या एका पाळकाचें आत्मचरित्र त्यांच्या वाचनांत आलें. हा गृहस्थ वर्षानुवर्षें पाळकाचें काम करीत होता, आणि व्यासपीठावर उपदेश करीत असतांनाच त्याचें स्वतःचें अंतःकरण पालटलें. तें वाचून रमाबाई चपापल्या, आणि त्यांनीं आपलें मन तपासलें. सुमारें १८९१ सालीं, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनीं, आपल्या विद्वत्तेचा व सत्कर्मांचा आधार सोडून, आहे तशी पापी म्हणून त्यांनीं स्वतःला ख्रिस्ताच्या हवालीं केलें. त्यानंतर त्यांना शांति मिळाली.

वाचकहो, ह्या आठ वर्षांचें मनन करा. एवढी विदुषी, एवढी प्रामाणिक, लोकांच्या निंदेस न भिणारी बाई. तिलाही माहितीपासून भेटीपर्यंत पोंचण्यास आठ वर्षें लागलीं. तर मग ज्यांच्या हृदयास अजून ऊब जाणवली नाहीं त्यांनीं निराश होऊं नये. त्याचप्रमाणें, बाप्तिस्मा झाला म्हणजे सर्व झालें असेंही कोणी समजूं नये.

३. दारें निराळीं, प्रभु एकच

अनुभव सर्वांना एकाच सांच्याचा येतो असें नाहीं. आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें १८६१ सालीं जन्मलेले नारायण वामन टिळक यांचें पाहा. १८९३ सालीं आगगाडीच्या प्रवासांत एका अनोळखी युरोपियन गृहस्थानें त्यांस नवा करार दिला, आणि दोन वर्षांच्या आंत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असें भाकीत केलें. टिळकांनीं पुस्तक वाचण्याचें वचन दिलें होतें, म्हणून ते वाचूं लागले. आणि डोंगरावरील प्रवचनापाशीं येतांच त्यांचें मन तेथें खिळून गेलें. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळकांस आपल्या मराठी संतांचा कधीं विसर पडला नाहीं. तुकारामबोवांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलों असें ते सांगत. आणि खरेंच, देव केवळ बोलण्याचा विषय नसून अनुभवण्याचा आहे ही गोष्ट मराठी माणसाला नवी नाहीं. ज्ञानेश्वरांच्या एका ग्रंथाचें नांवच "अमृतानुभव" असें आहे.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची वाट अगदीं वेगळी. पतीनें धर्म बदलला तेव्हां त्यांच्यावर आकाश कोसळलें. कित्येक वर्षें ताटातूट झाली. पुढें त्या पतीजवळ येऊन राहूं लागल्या, तरी आपलें सोंवळें व आपला स्वयंपाक त्यांनीं वेगळाच ठेविला. पतीचा विश्वास हा त्यांचा विश्वास झाला नाहीं, आणि टिळकांनींही त्यांच्यावर बळजबरी केली नाहीं. मग एके दिवशीं विचार करितां करितां त्यांच्या मनाची अशी खात्री झाली कीं, जातिभेद देवानें केला नाहीं, माणसानें केला. ती गांठ सुटली आणि मागाहून बाकीच्याही सुटल्या. १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्यांचें "स्मृतिचित्रें" हें पुस्तक आपणांपैकीं पुष्कळांनीं वाचलें असेल.

एकाला डोंगरावरील प्रवचन, दुसरीला जातिभेदाच्या गांठीचें सुटणें, तिसरीला विहिरीवरील स्त्रीची गोष्ट आणि नंतर आठ वर्षांची भूक. म्हणून शेजाऱ्याचा अनुभव हा आपला मापदंड करूं नका. त्याला स्वप्न पडलें म्हणून तुम्हांलाही पडलेंच पाहिजे असें नाहीं.

४. ही ओळख कशी होते?

येथें आम्ही आपली स्वतःची एक गोष्ट सांगतों. ती आमच्या मोठेपणाची नव्हे.

धर्मशिक्षणाची परीक्षा उतरून आम्ही नुकतेच कामास लागलों होतों. एका वाडीवरील एक वृद्ध बहीण आजारी होती, म्हणून आम्ही भेटीस गेलों. तिला अक्षरओळख नव्हती. आम्हीं प्रार्थनेविषयीं चार मुद्दे तिला नीट समजावून सांगितले. तिनें शांतपणें ऐकून घेतलें, आणि मग विचारलें, "बाबा, तुम्ही सांगतां तें सगळें खरें. पण तो तुमच्याशीं बोलतो काय?" तिच्या प्रश्नांत थट्टा नव्हती. मरणाच्या वाटेवर निघालेलें माणूस पुढें जाऊन आलेल्याला विचारतें, तसें तिनें विचारलें. आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. आडांतच नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार?

त्या रात्रीं आम्हीं तयार शब्द बाजूला ठेवून प्रार्थना केली. तेजही दिसलें नाहीं, वाणीही ऐकूं आली नाहीं. एवढेंच झालें कीं, आमच्या थोरल्या भावाचें तोंड डोळ्यांपुढें आलें आणि तें हलेना. घराच्या वाटणीवरून आम्ही तीन वर्षें एकमेकांशीं बोललों नव्हतों, आणि त्या तीन वर्षांत क्षमेवर मात्र कितीतरी उपदेश केले होते. पहाटेच्या गाडीनें घाट चढून आम्ही कऱ्हाडास गेलों. दारांत उभे राहून, चूक आमची झाली एवढेंच आम्हांस म्हणतां आलें. दादा बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, "ये, आधीं चहा घे." परत येतांना गाडींत आम्हांस प्रथमच असें वाटलें कीं, ज्याच्याविषयीं आम्ही इतके दिवस शिकवीत होतों तो आमच्या शेजारीं बसला आहे. दुसऱ्या दिवशीं आम्ही त्या बहिणीकडे गेलों व तिला हें सर्व सांगितलें. ती हंसली, आणि म्हणाली, "मग बोललाच कीं."

या गोष्टीवरून व शास्त्रावरून चार गोष्टी शिकाव्या :

(अ) मागा. शोमरोनी गांवकऱ्यांप्रमाणें प्रभूला राहण्याची विनंति करा. दिवसांतला एक ठराविक वेळ, थोडाच कां होईना, त्याच्यासाठीं राखून ठेवा.

(आ) वचनापाशीं बसा. टिळक वाचूं लागले ते विश्वास होता म्हणून नव्हे, तर वचन दिलें होतें म्हणून. भेट वाचतां वाचतां झाली. ज्यांना वाचतां येत नाहीं त्यांनीं घरांतील मुलाकडून रोज दहा ओळी वाचवून घ्याव्या आणि त्यांतील एक गोष्ट कामावर जातांना मनांत घोळवावी.

(इ) जें कळलें आहे तें आधीं करा. जो देवाच्या इच्छेप्रमाणें करावयास तयार होतो त्याला शिकवण कोणाची आहे हें समजेल, असें प्रभु सांगतो (योहान ७:१७ पाहा). पोहणें काठावर बसून येत नाहीं. कोणाचें देणें थकलें असेल तर द्या. कोणाशीं अबोला असेल तर मोडा.

(ई) पाप लपवूं नका. प्रभूनें त्या स्त्रीच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेविलें तेव्हां तिनें विषय डोंगराकडे व मंदिराकडे वळविला. आपणही तसेंच करितों. बोट जेथें ठेवलें जाईल तेथून हात काढूं नका. भेट तेथेंच होते.

५. अनुभवाची पारख

मनांत उठलेली प्रत्येक लहर देवाकडूनच येते असें नाहीं. गाणीं गातांना डोळे भरून येणें ही चांगली गोष्ट आहे, परंतु तेवढ्यावर भिस्त ठेवूं नये. १९०५ सालीं केडगांवच्या मुक्ति सदनांत मोठें जागरण झालें. मुली पापाच्या जाणीवेनें रडल्या, तासन्‌तास मोठ्यानें प्रार्थना करूं लागल्या. पुढें त्याच मुलींच्या टोळ्या आसपासच्या गांवांत सुवार्ता सांगण्यास जाऊं लागल्या. शेत, विणकाम व छापखाना हीं सदनाचीं कामेंही चालूंच राहिलीं. आणि साध्या बायकांना समजावें म्हणून सोप्या मराठींत पवित्र शास्त्राचें भाषांतर करण्याचें काम रमाबाईंनीं १९२२ सालीं आपल्या मरणापर्यंत नेटानें चालविलें.

म्हणून खरा अनुभव तीन कसोट्यांवर घासून पाहावा. तो शास्त्राशीं जुळतो काय? तो आपल्याला अधिक नम्र करितो काय, कीं दुसऱ्यांस हलके लेखावयास लावतो? आणि त्यानें घरांतल्या माणसांस सुख झालें काय? ज्याचा अनुभव मंडळीला दिसतो पण बायकोला दिसत नाहीं, त्यानें पुन्हां गुडघे टेकावे.

६. उपदेशक बंधूंस दोन शब्द

आपल्या मंडळ्यांस पुष्कळ वेळां टोमणा ऐकावा लागतो कीं, तुम्ही कांहींतरी मिळेल म्हणून ख्रिस्ती झालां. ह्या टोमण्यास इतिहासाचें किंवा वादाचें उत्तर पुरत नाहीं. जन्मांध माणसानें परूश्यांस जें उत्तर दिलें तेंच पुरतें : आधीं दिसत नव्हतें, आतां दिसतें (योहान ९:२५ पाहा). तुमच्या मंडळींतील प्रत्येकाला असें एखादें स्वतःचें वाक्य बोलतां येतें काय? येत नसेल तर त्यांस दोष देण्याआधीं आपलें वाक्य शोधा. प्रश्नोत्तरावलि पाठ करवून घ्या, ती हवीच. तार टाकल्याशिवाय वीज येत नाहीं. पण तार टाकून झाली म्हणजे दिवा लागला असें समजूं नका.

आणि ज्यांचा दिवा अजून लागला नाहीं त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें : विहिरीवर तो स्त्रीच्या आधींच येऊन बसला होता. थकलेला, तहानेलेला, तिची वाट पाहत. आपण त्याला शोधूं लागण्यापूर्वींच तो आपल्या पाणवठ्यावर येऊन बसलेला असतो.

मननासाठीं प्रश्न

१. शोमरोनी गांवकऱ्यांच्या विश्वासाच्या तीन पायऱ्या कोणत्या? आपण आज कोणत्या पायरीवर उभे आहां?
२. शमुवेल मंदिरांत राहूनही त्याला देवाची ओळख नव्हती. आपल्या घरांतील मुलांविषयीं यावरून काय शिकावें?
३. रमाबाईंस बाप्तिस्म्यानंतर कशाची उणीव भासली?
४. खऱ्या अनुभवाच्या तीन कसोट्या सांगा.

आठवड्याचा अभ्यास : आपल्याला कळलेली, पण आजवर न केलेली एक गोष्ट निवडा. ती पुढील रविवारच्या आंत करा. मग उपासनेनंतर, दुसऱ्याची गोष्ट न सांगता, आपली स्वतःची गोष्ट दोन वाक्यांत मंडळीस सांगा.